पाणी बदलले, जाळेही बदलावे
सातारा-सांगलीच्या जलाशयांतील मासेमारीच्या साधनांचा विचार

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईचे घाट ओलांडून माहुलीस वेण्णेला आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयनेला भेटते. पुढे ब्रह्मनाळजवळ येरळा आणि सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा तिला येऊन मिळते. या नदीने आणि तिच्या उपनद्यांनी सातारा व सांगली जिल्ह्यांना ऊस दिला, हळद दिली, द्राक्षाचे मळे दिले. पण समुद्रकिनारा नसलेल्या या दोन जिल्ह्यांत मासेमारीवर पोट असलेली कुटुंबेही आहेत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. भोई समाजातील आणि धरणकाठच्या गावांतील अनेक माणसे दिवस मावळताना पत्र्याची होडी किंवा तराफा घेऊन पाण्यात जातात, जाळे लावतात आणि पहाटे ते उचलतात. त्यांचा सारा हंगाम एका निर्णयावर अवलंबून असतो. तो निर्णय म्हणजे जाळे कोणते घ्यावयाचे.

जाळे ही खर्चाची वस्तू आहे. चुकीचे जाळे घेतले तर पैसा वाया जातो, हे उघडच आहे. परंतु त्याहून मोठे नुकसान लगेच दिसत नाही. ते पुढच्या वर्षी, जलाशयात मासाच उरला नाही म्हणजे कळते. म्हणून जाळ्याची निवड हा एकट्या मच्छीमाराचा प्रश्न नसून साऱ्या सहकारी संस्थेचा प्रश्न ठरतो.

दोन प्रकारचे जलाशय

या दोन जिल्ह्यांतील जलाशयांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीत कोयनेचा शिवसागर, कृष्णेवरील धोम, वेण्णेवरील कण्हेर, तसेच उरमोडी, तारळी आणि वारणा हे खोल जलाशय आहेत. येथे पाऊस भरपूर पडतो. पाणी उन्हाळ्यात उतरले तरी तळ सहसा उघडा पडत नाही. मात्र धरणाखाली गेलेल्या जमिनीवरील झाडांचे बुंधे, दगडी बांध आणि घरांची जोती अजूनही तळाशी असतात.

पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ आणि जत हा अवर्षणाचा टापू आहे. माणगंगेवरील ब्रिटिश काळातील राजेवाडी तलावापासून ते लहान पाझर तलावांपर्यंत येथील पाणी उथळ असते. पूर्वी ते पावसाच्या लहरीवर भरे आणि उन्हाळ्यात आटून जाई. अशा तलावांत मासेमारीची रीत ठरलेली होती. पाणी गुडघ्यावर आले की ओढजाळे फिरवून लहानमोठा सगळा मासा काढून घ्यावयाचा. त्यात गैर काही नव्हते; न काढलेला मासा चिखलात मरणारच होता.

ही परिस्थिती आता अनेक ठिकाणी पालटली आहे. टेंभू, म्हैसाळ आणि ताकारी या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांत नेले. ज्या तलावांत या योजनांच्या आवर्तनाचे पाणी सोडले जाते, तेथे उन्हाळ्यातही साठा राहू लागला. मासा दुसऱ्या वर्षापर्यंत जगू शकतो, वाढू शकतो. पाणी बदलले, परंतु हाती असलेली जाळी आणि मासेमारीची सवय मात्र आटणाऱ्या तलावाचीच राहिली, तर त्या पाण्याचा मच्छीमाराला पुरेसा लाभ होणार नाही. जाळ्याच्या निवडीचा विचार नव्याने करावयाचा तो यासाठी.

साधनांची ओळख

होडीतून किंवा काठावरून वापरावयाची साधने प्रामुख्याने चार आहेत.

पहिले साधन गळ. एका लांब दोरीला अनेक गळ बांधून ती तळाशी सोडली की शिंगाळा, वाम, मरळ यांसारखे मांसाहारी मासे लागतात. खर्च कमी, पण आमिष आणि मेहनत जास्त. छंद म्हणून मासेमारी करणारे याच तत्त्वावर काठी आणि दोरा गुंडाळण्याचे रीळ वापरतात. उदरनिर्वाहासाठी मात्र ते पुरेसे ठरत नाही.

दुसरे साधन पाग, म्हणजे फेकून मारावयाचे गोल जाळे. उथळ पाण्यात ते उत्तम चालते. त्याचा मोठा गुण असा की त्यात आलेला मासा जिवंत असतो. लहान असेल तर तो परत पाण्यात सोडता येतो. खोल पाण्यात मात्र पाग तळाला पोहोचण्यापूर्वीच मासा निसटतो.

तिसरे ओढजाळे. तळ सपाट व स्वच्छ असेल तर एका ओढीत मोठा माल मिळतो. परंतु त्याला माणसे अधिक लागतात, आणि धरणातील बुंध्यांत व दगडांत ते अडकून फाटते. शिवसागरासारख्या जलाशयात त्याचा उपयोग मर्यादितच राहतो.

चौथे कल्लेजाळे. गिलनेट या नावानेही ते परिचित आहे. हे जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. मासा त्यातून पुढे जाऊ पाहतो, डोके आत जाते, अंग जात नाही, आणि मागे फिरताना जाळ्याचा धागा त्याच्या कल्ल्यात अडकतो. एक होडी आणि दोन माणसे यांना हे जाळे पुरते, बुंध्यांच्या जागा टाळून ते लावता येते, आणि हव्या त्या खोलीवर ठेवता येते. खोल जलाशयांत याचाच वापर सर्वाधिक होतो. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः कल्लेजाळ्याचे आहे.

सूत, नायलॉन आणि एकपदरी तंगूस

एके काळी जाळी सुताची आणि तागाची असत. ती पाण्यात कुजत, रोज वाळवावी लागत, आणि टिकावीत म्हणून झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवावी लागत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतात नायलॉनची जाळी येऊ लागली. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या कोचीनच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने अशा जाळ्यांचे प्रयोग व प्रसार केला. नायलॉन कुजत नाही, बारीक असूनही बळकट असते आणि वजनाला हलके असते. लहान होडीत पूर्वीपेक्षा अधिक लांबीचे जाळे नेता येऊ लागले.

आज बाजारात नायलॉनचे दोन प्रकार मिळतात. पहिला प्रकार अनेक बारीक तंतू पिळून केलेल्या धाग्याचा. हा धागा मऊ असतो, गाठ पक्की बसते, फाटले तर जाळे विणून दुरुस्त करता येते आणि नीट ठेवल्यास काही हंगाम टिकते. दोष एवढाच की स्वच्छ पाण्यात तो माशाला दिसतो. दुसरा प्रकार एकाच तंतूच्या पारदर्शक धाग्याचा, ज्याला पुष्कळजण तंगूस म्हणतात. हा पाण्यात जवळजवळ दिसेनासा होतो, म्हणून स्वच्छ पाण्यात आणि चांदण्या रात्री त्याला मासा अधिक लागतो. शिवाय तो स्वस्त पडतो. परंतु तो ताठ असतो, त्याची गाठ सरकते, बुंध्याला घासला की लवकर तुटतो आणि दुरुस्तीला सहसा कोणी बसत नाही. फाटलेले जाळे टाकून नवे घेण्याकडेच कल होतो.

यांतून निवड कशी करावी? पावसाळ्यात व त्यानंतर काही काळ पाणी गढूळ असते. तेव्हा पिळाच्या धाग्याचे जाळे माशाला दिसण्याचा प्रश्न फारसा येत नाही. बुंधे असलेल्या जागीही तेच घ्यावे. हिवाळ्यापासून पाणी निवळल्यावर, मोकळ्या व स्वच्छ तळाच्या जागी तंगूस लाभदायक ठरतो. किंमत पाहताना केवळ खरेदीची किंमत पाहू नये. ते जाळे किती रात्री वापरता येईल, त्याने ती किंमत भागून पाहावी. स्वस्त वाटणारे जाळे पुष्कळदा या भागाकारात महाग निघते.

दोन्ही प्रकारांना उन्हाचे वावडे आहे. सुताचे जाळे उन्हात वाळवणे आवश्यक होते. नायलॉनचे जाळे मात्र उन्हाने कमकुवत होते. ते धुऊन सावलीत वाळवावे. जुनी सवय येथे हानिकारक ठरते.

आस : निवडीचे मर्म

धागा कोणताही असो, कोणता मासा अडकणार आणि कोणता सुटणार हे ठरते जाळ्याच्या आसावरून. आस म्हणजे जाळ्यातील एक चौकट. तिचे माप सांगण्याच्या दोन रीती आहेत, आणि खरेदीच्या वेळी त्यांत घोटाळा होतो. एका रीतीत लगतच्या दोन गाठींमधील अंतर मोजतात. दुसरीत आस ताणून समोरासमोरच्या गाठींमधील अंतर मोजतात. दुसरे माप पहिल्याच्या दुप्पट येते. एका रीतीने ५० मिलिमीटरचे जाळे दुसऱ्या रीतीने १०० मिलिमीटरचे असते. म्हणून माप कोणत्या रीतीचे आहे हे दुकानदाराला विचारावे आणि पट्टी लावून स्वतः पाहावे. या लेखात पुढे ताणलेल्या आसाचेच माप दिले आहे.

योग्य आस ठरविण्यासाठी एक सोपी कसोटी आहे. तिला सुताचा एक तुकडा आणि पट्टी पुरते. ज्या आकाराचा मासा धरावयाचा आहे, तसा एक मासा घ्यावा. कल्ल्याच्या झाकणाच्या लगेच मागे सूत गुंडाळून घेर मोजावा. मग अंगाच्या सर्वांत जाड भागाचा घेर मोजावा. जाळ्याच्या आसाचा घेर या दोहोंच्या मध्ये असला पाहिजे. आसाचा घेर म्हणजे ताणलेल्या मापाची दुप्पट. समजा, कल्ल्यामागचा घेर १९० मिलिमीटर आणि जाड भागाचा घेर २५० मिलिमीटर भरला. १०० मिलिमीटरच्या आसाचा घेर २०० मिलिमीटर होतो. माशाचे डोके त्यातून जाईल, अंग जाणार नाही, मासा अडकेल. ज्या माशाच्या जाड भागाचाच घेर १८० मिलिमीटर आहे, तो त्याच जाळ्यातून पार निघून जाईल आणि जलाशयात वाढत राहील.

कल्लेजाळ्याचा हा फार मोठा गुण आहे. ठरावीक आसाच्या जाळ्यात योग्य लांबीपेक्षा सुमारे एक पंचमांशाहून अधिक लहान वा मोठे मासे फारसे अडकत नाहीत. म्हणजे जाळे निवडताना आपण मासाच निवडत असतो. कोणता धरावयाचा आणि कोणता राखावयाचा, हे पाण्यात उतरण्यापूर्वी, दुकानातच ठरते.

एक साधा हिशेब

जलाशयातील कटला, रोहू आणि मृगळ हे मासे आपोआप येत नाहीत. ते पुरात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात सहसा घालीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी या जातींचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांवर बीज तयार होऊ लागले. हे बीज विकत घेऊन, बोटुकलीच्या आकाराचे करून जलाशयात सोडावे लागते. म्हणजे जाळ्यात आलेला प्रत्येक मासा हा संस्थेने आधी गुंतवलेला पैसा असतो.

समजा, एका संस्थेने १०,००० बोटुकल्या सोडल्या आणि त्यांतील ३,००० जगून २०० ग्रॅमच्या झाल्या. बारीक आसाच्या जाळ्याने त्या सर्व धरल्या तर ६०० किलो मासा मिळेल, आणि लहान म्हणून त्याला दरही कमी येईल. त्याऐवजी मोठा आस वापरून त्या राखल्या, पुढे आणखी १,००० मासे मेले किंवा निसटले असे धरले, आणि उरलेले २,००० मासे प्रत्येकी एक किलोचे झाल्यावर धरले, तर २,००० किलो मासा मिळेल. नैसर्गिक खाद्य चांगले असलेल्या जलाशयात हे मासे वर्षभरात साधारण अर्धा ते एक किलोचे होतात. म्हणजे हा फरक पडतो तो केवळ काही महिने धीर धरल्यामुळे.

हा धीर धरणे सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे. ज्याच्या घरी संध्याकाळच्या चुलीचा प्रश्न आहे, त्याला पुढच्या वर्षीचा हिशेब सांगणे सोपे आणि पाळणे अवघड असते. शिवाय आपण मोठा आस वापरला आणि शेजारच्याने बारीक जाळे लावले, तर आपण राखलेला मासा त्याच्या टोपलीत जातो. म्हणूनच हा नियम एकट्याने पाळून भागत नाही. संस्थेच्या सर्वसाधारण सभेत आसाचे माप ठरवावे, जाळी एकत्र खरेदी करावीत, आणि हंगामाच्या सुरुवातीला सर्वांची जाळी सर्वांसमक्ष मोजावीत. मोजमाप उघड झाले की संशयाला जागा उरत नाही.

चिलापीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. हा मासा साठलेल्या पाण्यात सहज वाढतो, लवकर अंडी घालतो आणि आकाराने लहान राहतो. त्याच्यासाठी म्हणून बारीक आसाचे कल्लेजाळे लावले की त्यात कटला-रोहूची पिलेही मरतात. चिलापी बहुधा काठच्या उथळ पाण्यात असते. तेथे दिवसा पाग वापरावा. चिलापी ठेवावी आणि इतर पिले जिवंत असतानाच पाण्यात सोडावीत.

टांगणी आणि खोली

योग्य आसाचे जाळे घेतले तरी ते दोरीवर नीट बांधले नाही तर उपयोग होत नाही. जाळे पूर्ण ताणून बांधले तर चौकटी मिटतात आणि मासा अडकत नाही. साधारणपणे १०० मीटर ताणलेले जाळे ५० मीटर दोरीवर बांधावे. असे केले असता उभी उंची ताणलेल्या उंचीच्या सुमारे ८७ टक्के भरते. १०० मिलिमीटर आसाचे, ५० आस उंचीचे जाळे ताणून ५ मीटर असते. पाण्यात ते सुमारे ४.३ मीटर उभे राहते. पाण्याची खोली पाहून जाळ्याची उंची याप्रमाणे ठरवावी.

नायलॉन पाण्यात बुडते, तर पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीनच्या दोऱ्या तरंगतात. म्हणून वरची दोरी या तरंगणाऱ्या धाग्याची घ्यावी आणि तिला बोये बांधावेत; खालच्या दोरीला वजन लावावे. बोये अधिक आणि वजन कमी केले तर जाळे पृष्ठभागावर राहते. वजन अधिक केले तर तळाशी बसते. कटला पृष्ठभागालगत, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. एकाच थरात रोज जाळे लावणारा मच्छीमार एकाच जातीचा मासा धरतो आणि बाकीचे न धरताच राहतात. जाळ्यांची वाटणी वरच्या व खालच्या थरांत करणे म्हणूनच फायद्याचे असते.

तलाव पाहून निर्णय

आता पूर्वेकडील तलावांकडे पुन्हा वळू. तेथे निवड करताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा की, हे पाणी उन्हाळ्यात टिकणार आहे काय? आवर्तनाचे पाणी मिळत नसेल आणि तलाव आटणार असेल, तर लवकर वाढलेला मासा आधी मोठ्या आसाने काढावा आणि शेवटी, पाणी अगदी उतरल्यावर, ओढजाळ्याने उरलेला सर्व मासा काढून घ्यावा. तेथे जुनी रीत आजही बरोबर आहे. परंतु पाणी टिकणार असेल, तर ओढजाळ्याने तलाव निपटून काढणे म्हणजे उभ्या पिकात नांगर घालणे होय. अशा तलावासाठी संस्थेने मोठ्या आसाच्या कल्लेजाळ्याकडे वळावे आणि पाणी किती राहील याची माहिती हंगामापूर्वीच पाटबंधारे कार्यालयाकडून घ्यावी.

पश्चिमेकडील खोल जलाशयांसंबंधी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या हद्दीतील पाण्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. त्या भागात होडी घालण्यापूर्वी हद्दीची आणि परवानगीची खातरजमा करणे अत्यावश्यक आहे. त्याचप्रमाणे सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारणे हे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून गुन्हा आहे. त्याने लहान-मोठा असा भेद न राहता सारेच जीवन नष्ट होते.

हरवलेले जाळे

नायलॉन कुजत नाही हा त्याचा गुण, तोच त्याचा दोषही होतो. बुंध्यात अडकून तुटलेले किंवा वाऱ्याने वाहून गेलेले जाळे पाण्यात तसेच राहते आणि कोणी न उचलताही मासे धरीत राहते. त्यात कासवे व पाणमांजरे गुदमरतात. सांगली जिल्ह्यात औदुंबर-भिलवडी परिसरात कृष्णेच्या पात्रात मगरींचा वावर आहे; सोडून दिलेल्या जाळ्यात त्याही अडकतात, आणि अडकलेली मगर सोडविणे माणसाच्याही जिवावर बेतू शकते. म्हणून प्रत्येक जाळ्याच्या टोकाला ठळक बोया आणि धन्याची खूण असावी, जाळे रात्रीत उचलता येईल एवढेच लावावे, आणि फाटलेले तुकडे पाण्यात न टाकता काठावर गोळा करावेत.

सारांश, गढूळ पाण्याला आणि बुंध्यांच्या जागेला पिळाचा धागा, निवळ व मोकळ्या पाण्याला तंगूस. आटणाऱ्या तलावाला अखेरीस ओढजाळे, टिकणाऱ्या पाण्याला मोठा आस. आणि उथळ काठाला पाग, अशी ही निवड आहे. यांतील कोणतीही गोष्ट खर्चिक नाही. कृष्णेचे पाणी डोंगर चढवून दुष्काळी गावांपर्यंत नेण्यास मोठी यंत्रे आणि मोठा खर्च लागला. त्या पाण्यातला मासा मोठा होऊ द्यावयाचा की नाही, हे ठरविण्यास मात्र सुताचा एक तुकडा, एक पट्टी आणि संस्थेच्या सभासदांचे एकमत पुरेसे आहे. येत्या हंगामाची जाळी खरेदी करण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने ही मोजणी करून पाहिली, तर जलाशयात सोडलेले बीज वाया जाणार नाही आणि मच्छीमाराच्या घामाला योग्य मोल मिळेल.